वहिनीचा ओटीपी

मोबाईलवर सहा आकडे समोर दिसत असताना मी पुतणीला सांगितलं, "नाही आला ओटीपी." एकदा नाही, तीनदा. ते आकडे वहिनीच्या डायलिसिसचे होते. मी ड्युटीवर नव्हतो, नेटवर्कही गेलेलं नव्हतं. सेक्टर दोनच्या माझ्या क्वार्टरमध्ये मी आरामात चहा पीत बसलो होतो.

तिचे आकडे माझ्याकडे का यायचे, ते आधी सांगतो. नागपूरकडून येऊन इथे स्टील प्लांटमध्ये लागलेल्या आमच्या घरांत ज्याची नोकरी पक्की, त्याचा नंबर सगळ्या खानदानाच्या कागदांवर घालतात. राशन कार्ड, आधार, गॅस, सगळीकडे माझाच. ठेकेदाराकडे राबणारा माणूस रिचार्ज संपला की सिम बदलतो, पक्क्या नोकरीवाल्याचा नंबर तोच राहतो. मला त्याचा तोरा होता.

थोरला भाऊ नंदिनी नगरला, चुन्याच्या दगडाच्या खाणीत ठेकेदाराकडे. आमचे बाबा प्लांटच्या नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या जागी एकालाच घेणार होते. मी आयटीआय केलेला, म्हणून दादाने आपली हरकत नसल्याच्या कागदावर सही करून दिली. त्या सहीवर माझ्या बायकोपोरांना प्लांटकडून औषधपाणी मिळतं. त्याच्या बायकोसाठी फक्त सरकारी योजनेचं कार्ड.

वहिनीच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा दुर्गच्या एका खासगी दवाखान्यात नेऊन रक्त शुद्ध करून घ्यायचं. कार्डावर ते फुकट होतं. मात्र ही बाई तीच आहे, हे दर खेपेला मशीनला पटावं लागे. जन्मभर लोकांची भांडी घासून वहिनीच्या बोटांवरच्या रेषाच उरल्या नव्हत्या. मशीन तिला ओळखायचं नाही. मग ओटीपी माझ्याकडे यायचा आणि दहा मिनिटांत सांगितला नाही तर बाद व्हायचा. आधारवरचा नंबर बदलायला गेले, तर तिथेही आधी बोटंच मागितली. डोळे तपासूनही जमेल, पण ते मशीन बिघडलंय, पुढच्या महिन्यात या, म्हणाले. या मशीनांना शिव्या देणं मला आजही फार सोपं जातं.

सुरुवातीचे काही महिने मी इमानदारीने आकडे सांगत होतो. मग विहारातल्या एका कार्यक्रमात जेवताना मी माझ्या नव्या गाडीचं कौतुक लावलं. दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "गाडी माह्या सहीवर आली हाय. चालव, पण हॉर्न कमी वाजव." पंगत हसली. मी ताट तसंच ठेवून उठलो. बोलणं बंद झालं.

मी मनाशी ठरवलं की आकडे हवे असतील तर याने स्वतः फोन करावा. त्याने कधीच केला नाही. पुतणीचा यायचा. तिचं अर्धं बोलणं हिंदीत असतं. "काका, जल्दी देखो ना, चारच मिनिटं राहिले."

"नाही आला."

"रुको, फिर से भेजते हैं."

पुन्हा आला. "नाही आला, बेटा," मी म्हणालो. त्या 'बेटा'ची मला खोटेपणापेक्षा जास्त लाज वाटते.

पहिल्या खेपेला दादाने उसने आणून रोख भरले. दुसऱ्या खेपेला मोटारसायकल विकली. तिच्यावरच बसवून तो वहिनीला दुर्गला न्यायचा. तिसऱ्या खेपेला विकायला काही नव्हतं. तिघंही डायलिसिस न करताच बसने घरी परतली. दोन दिवसांत वहिनीच्या फुप्फुसांत पाणी भरलं आणि तिला आयसीयूत ठेवावं लागलं.

मी भेटायला गेलो, तोंड दाखवायला. नारळपाणी आणि केळी घेऊन गेलो. दादाने पिशवीत डोकावून पाहिलं. "डॉक्टरनं नेमकं हेच बंद केलं हाय. राह्यलेलं काम पुरं करायले आला का?"

वहिनीने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "भाऊजी, तुमच्या मोबाईललेबी डायलिसिस लावा. त्याच्यातून काईच बाहेर पडत नाही."

मी हसलो आणि आमच्याकडे टॉवरच बेकार असल्याचं सांगितलं.

दादाच्या डोक्यात वेगळंच बसलं होतं. काउंटरवरची मुलगी रोख पैशांसाठी मुद्दाम ओटीपी पाठवत नाही, असं तो धरून बसला. वहिनी आयसीयूतून सुटली आणि पुढच्याच डायलिसिसला तो त्या मुलीवर तुटून पडला. पुतणीने मला फोन केला. तिच्या बाबांनी शिव्या दिल्या, आता मॅनेजर आईची जागा दुसऱ्या पेशंटला देतो म्हणतोय. बाकीच्या सगळ्या दवाखान्यांत त्यांनी आधीच विचारलं होतं. कुठेच जागा नव्हती. मी गाडी काढली.

दादा काउंटरच्या काचेवर हात आपटत होता. मुलगी रडत रडत मॅनेजरला स्क्रीन दाखवत होती. "सर, तीनों बार भेजा था. टाइम देखिए." मॅनेजर थंडपणे म्हणाला, आजचं करून देतो, उद्यापासून दुसरीकडे बघा. वहिनी चाकाच्या खुर्चीत होती. पाय इतके सुजलेले की चपला हातात धरल्या होत्या.

मला पाहताच दादा इतक्या दिवसांनी आपलेपणाने बोलला. "हा माहा भाऊ. सांग यायले. आला होता का तुह्या मोबाईलवर?"

त्याने मला साक्षीला उभं केलं होतं. त्या वेळीही टॉवरवर ढकलता आलं असतं.

"आला होता, दादा. तिन्ही खेपा आला. मी पाहत बसलो आन पोरीले नाही म्हटलं. तू सोता फोन करून मागावं म्हणून."

त्याने माझी कॉलर धरली.

"सोडा त्याले," वहिनी म्हणाली. "पुरं बोलू द्या."

मी मॅनेजरला सांगितलं, या मुलीची काही चूक नाही, भावाचीही नाही, शिक्षा माझ्या वहिनीला देऊ नका. मुलीपुढे हात जोडले. तिने ओढणीने डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलंही नाही. मॅनेजरला विचारलं, "सर, इनका शुक्रवार का लिख दूँ?" तो होकाराची मान हलवून आत गेला.

मी वहिनीच्या खुर्चीपाशी खाली बसलो. पुतणीही तिथेच उभी होती.

"वहिनी, तुमचा जीव जाऊन राहिला होता आन मी मान मागत बसलो होतो. माहं चुकलं. मले माफ करा."