आभाराच्या कागदावरचं एक वाक्य

दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी आमच्या संगीत मंडळाची बैठक असते. सहा वर्षं तिथे शेवटी उभं राहून आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. ते ताईंनी दिलं होतं. ताई म्हणजे माझ्या पहिल्या नोकरीतल्या साहेब, आणि या मंडळाच्या चिटणीस. तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर मी, परळच्या त्या ऑफिसात आलो तेव्हा चार माणसांत बोलताना मला घाम फुटायचा. ताईंनी मला पत्र लिहायला शिकवलं, फोनवर बोलायला शिकवलं आणि एका शनिवारी, “खोलीवर जाऊन काय करणार आहेस?” म्हणून गाण्याला नेलं. त्याआधी गाणं मी ऐकलं होतं ते वरातीत, देवळात, रेडिओवर. हात कामात असताना. दुसरं काही न करता नुसतं बसून ऐकायचं असतं, हे मला त्या हॉलमध्ये कळलं. ताईंचं हे मी विसरणार नाही.

आभार मी सकाळीच कागदावर लिहून काढायचो. लिहिलेलं हातात असलं की जीभ अडखळत नाही. त्यामुळे ‘आजच्या गायनाने आपण सर्व तृप्त झालो आहोत’ हे वाक्य गाणं व्हायच्या आधीच तयार असायचं. ते कधी खोटं ठरलं नव्हतं. निदान मला कधी टोचलं नव्हतं.

या हिवाळ्यात एक मोठे गवई आले. हॉल भरून लोक बाहेरच्या व्हरांड्यात बसले होते. मी ऑफिसातून परस्पर आलो होतो. आठवडाभर घरी पोचायला उशीर होत होता आणि डोळे चुरचुरत होते. पण थकव्याचं कारण पुढे करावंसं वाटत नाही. याहून थकलेला असताना त्याच सतरंजीवर माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं आहे.

बडा ख्याल जवळजवळ तासभर चालला. आवाज दणकट, दमसास अफाट. मी डोळे मिटून वाट बघत बसलो. गाणं लागलं की माझ्या छातीत काहीतरी सैल होतं. ते होईना. त्यांनी एक तान घ्यावी, लोकांनी ‘वा!’ म्हणावं, की पुढची तान त्याहून लांब. वरच्या मजल्यावर कुणी सामान सरकवत असावं तसं मला ते ऐकू येऊ लागलं. शेजारी मंडळाचे एक जुने सभासद होते. त्यांनी माझा गुडघा दाबला.

“ऐकलंत? असं आता ऐकायला मिळत नाही हो.”

“हो ना,” मी म्हटलं. त्यांचे डोळे भरले होते. माझा पाय बधिर झाला होता. मी घड्याळ बघितलं आणि माझी मलाच लाज वाटली.

गाणं न आवडायला आमच्याकडे बंदी नाही. हेच गृहस्थ चहाच्या वेळी भल्याभल्यांना मोडीत काढतात, ‘नुसती गणितं मांडली’ म्हणतात, आणि लोक माना डोलावतात. त्यांची नावड ही जाणकारी. माझ्या नावडीला लोक म्हणणार, याला कळलं नाही. आणि त्यांचं म्हणणं चूक असेल अशीही मला खात्री नव्हती. सहा वर्षांत माझा कान तयार झालाय की मी नुसतं बसायला शिकलोय, हेच मला त्या तासाभरात समजेनासं झालं.

भैरवी संपली. अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. ताईंनी खूण केली, मी कागद घेऊन माइकपाशी गेलो. त्या वाक्यापाशी आलो आणि ते गाळून पुढे गेलो. यात धाडस काही नव्हतं. खोटं बोलायलाही थोडी ताकद लागते, ती उरली नव्हती. गवई, साथीदार, शाळा, माइकवाले, चहा करणाऱ्या काकू, असे आभार मानून मी खाली उतरलो.

“काय हो,” शेजारचे सभासद चहा घेताना मोठ्याने म्हणाले, “आभार मानलेत की हजेरी घेतलीत?”

सगळे हसले. मीही हसलो.

लोक गेल्यावर ताई आणि मी सतरंज्यांच्या घड्या घालत होतो.

“कागद दाखव,” त्या म्हणाल्या. मी दिला. “आहे की वाक्य. वाचलं का नाहीस?”

“ताई, मला गाणं नाही आवडलं.”

“काय नाही आवडलं?”

“सांगता येत नाही. आत काही झालंच नाही.”

“दमला असशील.”

“दमलोय. पण त्यामुळे नाही.”

“अरे, अख्खा हॉल उभा राहिला होता!”

“हो. बघितलं मी.”

त्यांनी सतरंजीचं टोक माझ्या हातात दिलं. “आभार तुझ्या आवडीनिवडीचे नसतात रे. मंडळाच्या वतीने बोलतोस तू. गवयांनी मला विचारलं, तुमच्या त्या मुलाला काही खटकलं का? काय सांगू मी?”

हे बरोबर होतं. “चुकलं माझं,” मी म्हटलं.

“पुढच्या वेळी मी दुसऱ्या कुणाला तरी सांगते,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “तू नुसतं ऐक.”

पुढच्या महिन्यात मी मागे भिंतीला टेकून बसलो. एक बाई गायल्या, हळू, फारशा ताना न घेता, आणि दुसऱ्याच आवर्तनात माझी छाती सैल झाली. बाहेर पडताना ताई दाराशी उभ्या होत्या.

“आज?”

“खूप आवडलं, ताई.”

पूर्वी मी असं म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा. या वेळी त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, खरं सांगतोय का ते ताडून बघितल्यासारख्या. मग “बरं” म्हणाल्या आणि चपला शोधायला वाकल्या.