टायरच्या आतले ठिगळ

राज्यांची फेररचना होऊन एक वर्ष उलटले होते. आमची राजधानी असलेले नागपूर दुसऱ्या राज्यात गेले आणि आम्ही सौंसर-पांढुर्ण्याचे लोक मराठी बोलत मध्य प्रदेशातच राहिलो. जुन्या राजधानीला आम्ही परके झालो होतो आणि नव्या राजधानीने आम्हाला अजून ओळखले नव्हते. याची पहिली खूण आमच्या रस्त्यावर उमटली. खड्डे बुजवणारी माणसे येईनाशी झाली. पावसाने मुरूम वाहून नेला, टोकदार गिट्टी उघडी पडली आणि दिवाळीनंतर कापसाच्या बैलबंड्या सुरू होताच त्यांच्या लोखंडी धावांनी रस्त्यात दोन खोल चाकोऱ्या पाडल्या.

त्या रस्त्याने मी रोज सायकलवर सौंसरच्या शाळेत संस्कृत शिकवायला जात असे. माझे गाव पांढुर्ण्याच्या अंगाला, चार कोसांवर. वर्गात मुले थोडी होती. श्लोकाचा अर्थ मी मराठीतून सांगत असे, कारण त्यांच्या घरची भाषा तीच होती. नवे तपासनीस आले, त्यांना हे रुचले नाही. गृहस्थ सभ्य होते. भाषेचे नाव त्यांनी काढले नाही, रस्त्याचे काढले.

"पंडितजी, इस सड़क से जाड़े में रोज़ आना आपके बस का नहीं," ते म्हणाले. मग त्यांनी अट घातली. मार्गशीर्षभर पाहायचे. एक दिवस जरी मी प्रार्थनेला नसलो, तर वर्ग बंद करून मुलांना हिंदीच्या तासाला बसवायचे.

मी हात जोडले आणि म्हणालो, "महिना संपल्यावर आपण हजेरीपुस्तक पाहावे."

पहाटे विहिरीवर स्नान करून मी निघत असे. सायकलची गादी चामड्याची होती आणि स्नानानंतर चामड्याला शिवणे आमच्या घरात निषिद्ध होते, म्हणून मी गादीवर धाबळीचा तुकडा गुंडाळला होता. लोकर सोवळ्याला चालते. हँडलला पाण्याचा तांब्या बांधलेला असे. सूर्य उगवेल तिथे उतरून, पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य द्यायचे आणि पुन्हा निघायचे. थंडीने बोटे ब्रेकवर वळत नसत. चाकोरीत चाक गेले की बाहेर निघत नसे आणि चाकोरीबाहेर गिट्टी होती.

गाडीवानांना माझी सवय झाली होती. एका चढावर मी उतरून सायकल ओढीत होतो, तेव्हा कापसाच्या ढिगावरून एकाने विचारले, "गुरुजी, सायकल तुमाले नेऊन राहिली, का तुमी सायकलले?"

"आज तिचा वार आहे," मी म्हणालो. तो हसला आणि त्याने बैल बाजूला घेतले.

महिना संपायला चार दिवस उरले असताना, जामसांवलीच्या अलीकडे, मागचे चाक बसले. ट्यूबचे पंक्चर मला काढता येत असे. पण इथे टायरच बोटभर चिरला होता. त्यातून ट्यूब बाहेर आली असती आणि चार पावलांत पुन्हा फुटली असती. मी तिथल्या मारुतिरायाच्या देवळाच्या दिशेने हात जोडले आणि सायकल ढकलू लागलो.

पुढे रस्त्याकडेच्या झोपडीपाशी एक म्हातारे चर्मकार कोवळ्या उन्हात मोट शिवत बसले होते. संत्र्यांच्या बागांना पाणी देणाऱ्या मोटा सगळ्या त्यांच्याकडेच येत. त्यांनी चाक पाहिले.

"महाराज, आतून ठिगळ बसवून देतो. आरामात जासान."

मी टायर काढू लागलो, तर त्यांनी हात थांबवला. "पयले ऐकून घ्या. चामड्याचं आहे. मंग मनसान का बुढ्यानं बाटवलं."

मी स्नान करून, अर्घ्य देऊन निघालेला माणूस. घरच्या वडीलधाऱ्यांचा धाक डोळ्यांपुढे आला आणि वर्गातली पुढची रांगही आली. मी म्हणालो, "ऋषी ज्यावर बसून तप करीत, ते मृगाजिनही चामडेच होते."

"मंग तुमचे ऋषी आमचेच गिऱ्हाईक," ते म्हणाले आणि चामडे तासायची रापी उचलली.

त्यांनी मोटेच्या चामड्याचा तुकडा कडेने तासून पातळ केला, ओला केला आणि टायरच्या आत बसवला. मी ट्यूबला रबर चिकटवले. मग ठिगळ आतून दाबून धरत टायर आम्ही दोघांनी मिळून चढवला. त्यांचे हात आणि माझे हात एकाच चामड्यावर होते. हातांना त्यांच्या शिवणीच्या दोऱ्याचे काळे मेण लागले होते. नाला वाटेतच होता, पण हात धुवायला मी उतरलो नाही.

शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थनेची शेवटची ओळ चालू होती. मी मागे उभा राहिलो आणि ती ओळ म्हटली. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिले, मग माझ्या काळ्या हातांकडे, आणि हजेरीपुस्तक पुढे सरकवले. त्या पानावर माझ्या अंगठ्याचा मेणकट डाग पडला.

घरी थोरल्या बंधूंच्या कानावर गोष्ट गेली होतीच. "प्रायश्चित्त घे, आणि ते ठिगळ काढून टाक," ते म्हणाले.

वडील भावाला मी तोवर कधी उलट बोललो नव्हतो. "दादा, आपण रोज देवाला वाहता त्या फुलांना मोटेचे पाणी आहे," मी म्हणालो. "ठिगळ राहील. ज्या कामासाठी ते लावले त्याचे प्रायश्चित्त मी घेणार नाही." ते दोन दिवस माझ्या पंक्तीला बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी बसले. सायकलच्या गादीवरची धाबळी तर मी दुसऱ्याच दिवशी सोडून ठेवली होती; आता चामडे टाळायचे कारण उरले नव्हते.

उरलेले दिवस ते ठिगळ टिकले. फाल्गुनात तपासनीस जीपने आले. त्यांच्या कोटावर धूळ होती आणि ते कंबर धरून उतरले. त्यांनी मार्गशीर्षाची पाने उलटली, डागावर क्षणभर थांबले आणि पुस्तक मिटले.

"सड़क अब भी वैसी ही है, पंडितजी?"

"रस्ता तसाच आहे," मी मराठीतच उत्तर दिले. "वर्गही आहे."

त्यांनी मिटलेले पुस्तक मुख्याध्यापकांच्या हाती परत दिले. घंटा झाली, म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी तासाला गेलो.