वासुदेव उसाला गेलाच नव्हता

विजयमाला आष्टीच्या वाचनालयाची ग्रंथपाल. लहानपणी आईबाप ऊसतोडीला गेले की ती मावशीकडे राहायची आणि शाळा सुटल्यावर याच वाचनालयात येऊन बसायची. पुढे तिथेच नोकरीला लागली. जुन्या कादंबऱ्यांवर तिचा भारी जीव. दोन हजार आठच्या सुमारास तिला इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशाचा नाद लागला, सगळ्यांनी मिळून लिहायचा तो. दुपारी वाचनालय बंद करून ती सायबर कॅफेत जायची आणि एकेका कादंबरीवर लेख लिहायची. वर्षभरात तीसेक लेख झाले आणि बाई हवेत तरंगू लागल्या.

तेवढ्यात माशी शिंकली. रुद्रेश नावाचा कुणी गृहस्थ असे लेख तपासायचा. कुठला, कोण, देव जाणे. तिच्या सगळ्यात लाडक्या कादंबरीच्या लेखात तिनं लिहिलं होतं की नायक वासुदेव दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो आणि आंबे पिकायच्या सुमारास परततो. रुद्रेशनं लेखाला जोडलेल्या चर्चापानावर विचारलं, कथा शंभर वर्षांपूर्वीच्या कोकणातली, तिथून कोण ऊस तोडायला जायचं? आठवड्यात संदर्भ दिला नाहीत तर लेख काढावा लागेल आणि तुमचे बाकीचे लेखही तपासावे लागतील.

विजयमाला तडक वाचनालयात धावली. तिनं पुस्तक उघडलं. त्यात ऊस कुठेच नव्हता. शहाण्णवव्या पानावर वासुदेव दिसेनासा होत होता आणि पुढचं पान होतं एकशे तेरावं. कधीतरी बांधणी करताना मधली सोळा पानं गळाली होती. पानं गेल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, पण दिवाळीनंतर गेलेला माणूस उन्हाळ्यात परत आला तर तो कुठे गेला होता, असं अर्धं गाव उसाला जाणाऱ्या आष्टीत कुणी विचारतं का? जुने ग्रंथपाल राधाकिशनमामा वाचकांना तो उसाला गेला असंच सांगायचे आणि वाचक एकमेकांना. विजयमालानं ते इतक्यांदा ऐकलं होतं की आपण ते वाचलंय असंच तिला वाटत होतं. सगळा तालुका मिळून एक प्रकरण रचून मोकळा झाला, निस्तरायचं मात्र तिच्या गळ्यात आलं.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. वर्षभराचं काम पाण्यात जाणार, ही धास्ती होतीच. पण वाईट याचंही वाटलं की त्या पुस्तकात आपली, उसाला जाणारी माणसं आहेत म्हणून तर ती वाचायला लागली होती, आणि ती माणसं त्यात नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि पाटोद्याची एसटी धरली. तिथल्या वाचनालयात अख्खी प्रत निघाली. कपाटाशी उभ्यानंच तिनं ती सोळा पानं वाचली. वासुदेव परगावी बहिणीकडे गेला होता आणि तिथेच तापानं निपचित पडला होता. अंथरुणातून बायकोला, सुभद्रेला, निरोपावर निरोप धाडत होता. एकही पोचला नाही.

परत येताच विजयमालानं लेख दुरुस्त केला. चूक कशी झाली ते चर्चापानावर सरळ लिहिलं आणि बाकीचे लेख खुशाल तपासा म्हणून कळवलं. मग रोज कॅफेत जाऊन बघायची. शेवटी उत्तर आलं. सगळे लेख तपासले, दोन सनावळ्या चुकल्या होत्या त्या दुरुस्त केल्यात, बाकी उत्तम. तुमचा खुलासा वाचून खूप हसलो, रागावू नका. विजयमालाचा जीव भांड्यात पडला. कॅफेवाला बघतोय याचं भान न ठेवता ती एकटीच हसत सुटली.

राहिली होती आई. तुळजाबाईचा जन्म उसाच्या फडात गेला होता. तिला वाचता येत नव्हतं, पण दर उन्हाळ्यात लेकीनं वाचून दाखवलेली ही कादंबरी तिला पाठ होती. वासुदेव उसाला गेला नव्हता हे ऐकून म्हातारी हिरमुसेल, असं विजयमालाला वाटलं. भीतभीतच तिनं सांगितलं.

शेंगा फोडणारे तुळजाबाईचे हात थांबले.

"म्या त्याचं नावच टाकलं हुतं," ती म्हणाली. "उसाला नवरा-बायकोची जोडी जाती. ह्यो सुभद्रेला घरी ठिवून एकलाच कसा गेला? मला वाटायचं, दुसरीच कुनी संगं नेली."

"मग इतकी वर्सं बोलली न्हाईस कावून?"

"तू लई जीव लावून वाचायचीस."

म्हातारीनं हातातली शेंग सुपात टाकली. मग तिनं विचारलं, "निरोप धाडत हुता म्हनतीस?"

"रोज."

तुळजाबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि पदरानं डोळे पुसले. विजयमालानं पिशवीतून त्या सोळा पानांची झेरॉक्स काढली.

"ती बाजूला ठिव," आई म्हणाली. "पहिल्यापास्नं वाच. आता नीट ऐकते."