शहाण्णव टाके

टोपीकाकांनी तीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली औषधांच्या पुड्या बांधल्या. निवृत्त झाल्यावर बोटं स्वस्थ बसेनात, म्हणून क्रोशाची सुई धरली आणि लोकरीच्या टोप्या विणू लागले. लोक आधी हसले, मग हळूच आपापली डोकी घेऊन दारात उभे राहिले. लोकरीचा दोरा कपाळावरून फिरवायचा आणि त्यात दोन बोटं कमी धरायची, कारण लोकर ताणते. कोणी चिठ्ठीवर माप आणलं, की काका चिठ्ठी परत करत. "कागदावरचं माप चालत नाही. डोकं घेऊन या."

एका डोक्याला मात्र त्यांनी कधी दोरा लावला नव्हता. लेकीचं माप त्यांना पाठच होतं, शहाण्णव टाके.

लेक नर्स. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. तिने दूर डोंगरातल्या थंड गावच्या दवाखान्यात नोकरी धरली, आणि विचारलं नाही, नुसतं सांगितलं. काका "बरं" म्हणाले आणि मूग गिळून टोपी विणायला बसले. पहिली भुवयांच्या बरीच वर अडकली. दुसरीने कपाळावर लाल रेघ उमटवली. उद्या सकाळी निघायचं, आणि तिसरीही कानांपर्यंत उतरेना.

"लोकरच खराब आली," काका म्हणाले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणत लेकीने गेल्या वर्षीची टोपी आणली आणि नवीवर ठेवली. लोकर तीच, सुई तीच. तिने टाके मोजले, तेही शहाण्णवच. तरी नवी चांगली तीन बोटं लहान. टाके असे आवळलेले, की त्यांत नखही शिरेना.

"बाबा, हात घट्ट झालाय तुमचा. रागावलात?"

काका उगीच सुई पुसत राहिले. "राग होता, दोन दिवस. आता भीती वाटते. तिकडे तू आजारी पडलीस, तर तुझ्याकडे कोण बघणार? आणि इथे मी बोलू कुणाशी?"

लेक त्यांच्याजवळ खाली बसली. "म्हणूनच विचारलं नाही. तुम्ही नको म्हणाला असतात, तर मी राहिले असते."

काकांनी टोपी उसवायला घेतली. लेक उसवलेल्या लोकरीचा गुंडा करत नव्या खोलीबद्दल, तिथल्या कडक मेट्रनबद्दल सांगत राहिली. काका विचारत राहिले, आणि विणताना सुईकडे बघायचं विसरले. मध्येच त्यांनी एखाद्या गिऱ्हाइकाला लावावा तसा तिच्या कपाळावरून दोरा फिरवला. दिवेलागणीला टोपी कानांवर नीट बसली.

सकाळी बसमध्ये चढताना ती म्हणाली, "ही सैल झाली, तर फोनवर माप सांगेन. नवी पाठवा."

काकांनी तिची पिशवी वर दिली.

"फोनवर माप घेत नाही मी. डोकं घेऊन ये."