हात परत येईपर्यंत

देवकी राहनाळच्या एका गोदामात खोकी बांधायची. अकलोलीच्या पलीकडच्या पाड्यावरून लग्न होऊन इकडे आली, तेव्हापासून तिचा उजवा हात टेप ओढायला आणि फाडायला शिकला होता. दातांनी टेप तोडणाऱ्या बायकांना ती मनातून कमी समजे. त्याच हाताच्या मनगटावर खोकं पडलं आणि हाड मोडलं.

भिवंडीतल्या इस्पितळात भुलीचे डॉक्टर केदार एक अभ्यास करत होते. नुसता हात बधिर करणाऱ्या दोन औषधांपैकी कोणतं ऑपरेशननंतरचं दुखणं जास्त वेळ लांब ठेवतं, एवढंच त्यांना पाहायचं होतं. देवकीला त्यात घेताना त्यांनी सगळं नीट समजावलं. हात झोपेल, मग आपोआप जागा होईल. देवकीने मान डोलावली. तिच्या काकाचा हातही असाच झोपला होता, लकव्याने. तोही उठेल असं सगळे म्हणाले होते. पुढे तो न उठताच काकाबरोबर गेला.

ऑपरेशन झालं. वॉर्डात तिने डाव्या हाताने उजवा जरा उचलून पाहिला. दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा तो जड होता. नवरा भरत म्हणाला, आता भाकऱ्या कोण थापणार? ती म्हणाली, तू.

नर्स विद्युल्लता अधूनमधून येऊन विचारायची. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही, तर किती दुखतंय? देवकी शून्य म्हणाली की डॉक्टरांचा चेहरा खुलायचा. शून्यावर खूश होणारा माणूस तिने गोदामात पाहिला नव्हता.

दिवे लागले तरी बोटं हलेनात. पुढच्या खेपेला ती म्हणाली, "सहा."

विद्युल्लताने स्पिरिटचा बोळा तिच्या बोटांवर फिरवला. गार लागतंय का? नाही. मग दुखतंय कुठे?

देवकीने जरा विचार केला. पाड्यावर जनावर रानात चुकलं की ते दिसत नसलं तरी हाका मारत राहतात.

"दुखत न्हाय," ती म्हणाली. "हाताला बोलावते."

विद्युल्लताने केदारना बोलावलं. त्यांनी स्टूल ओढून काकाची सगळी हकीकत ऐकली. काकांचं दुखणं मेंदूतलं होतं, तुमच्या खांद्यापाशी नुसतं औषध आहे, ते उतरणारच, असं त्यांनी सांगितलं. देवकीने पहिल्यासारखीच मान डोलावली.

जेवणाची ताटं उचलली जात होती तेव्हा तिचा अंगठा किंचित हलला. बाकीची बोटंही हळूहळू जागी झाली, आणि मनगटात कळ उठली. तिचे डोळे भरून आले. आठ, ती म्हणाली. विद्युल्लता लगेच इंजेक्शन घेऊन आली.

"थांबा मॅडम, थोडं दुखू दे. आत्ताच आलाय."

विद्युल्लता सुई धरून उभी राहिली. भरत अंगठ्याकडे बघत होता. जरा वेळाने देवकीने दात आवळले, पाचही बोटं जमतील तेवढी मिटून उघडली, आणि डावा दंड पुढे केला.