गोड पाण्याचा देश

आमच्या भुईगावात फर्डिनंडमामाचं नाव निघालं की लोक अजून गालातल्या गालात हसतात. मला त्या हसण्याचा राग येतो. ज्यांनी स्वतःची बावखलं बुजवली आणि आता टँकरवाल्यांच्या नावाने बोटं मोडत बसलेत, त्यांनी तरी हसू नये. मामाने जे केलं ते गावात सगळ्यांनीच केलं. त्याचं फक्त चारचौघांत, बँडबाजा लावून उघडं पडलं.

बावखल म्हणजे केळी-पानवेलींच्या वाडीच्या सखल कोपऱ्यात पणजोबा-खापरपणजोबांनी खणून ठेवलेलं तळं. पावसाळ्यात ते काठोकाठ भरायचं आणि मग वर्षभर हळूहळू जमिनीत मुरायचं. समुद्राची गाज अंथरुणात ऐकू येते असं आमचं गाव, पण भर मे महिन्यातही विहिरी गोड, त्या या तळ्यांच्या जिवावर. काठावर रहाट असायचा, रहाटाला बैल. बैल फिरेल तेवढंच पाणी. बैल दमला की माणूसही मुकाट्याने सावलीत बसायचा. हा हिशोब कोणी कोणाला शिकवलेला नव्हता.

मामाच्या बावखलाचं पाणी गावात नावाजलेलं. मामा दिसायला काही विशेष नव्हता. अंगात बंडी, खाली खाकी अर्धी चड्डी, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. पण घरी कोणीही आलं, फादर असो नाहीतर भंगारवाला, की चहाच्या आधी पाण्याचा तांब्या पुढे यायचा आणि पाहुणा पिऊन होईपर्यंत मामा त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. "कसं आहे?" हे विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्या पाण्यावर त्याची राजेळी केळी पोसायची, आणि त्या केळ्यांची सुकेळी उर्सुलामामी उन्हात वाळवून, केळीच्या सोपटात बांधून नाताळात सगळ्या नात्यात वाटायची. आम्ही भाचरं तर सुकेळ्यांच्या आशेनेच मामाच्या घरी पडीक असायचो.

१९७६ साली मामाचा एकुलता एक मुलगा कॉन्रॅड कुवेतला गेला. मुंबईत तो ज्या कारखान्यात फिटर होता तो बंद पडला होता. कुवेतमध्ये त्याला नोकरी लागली ती समुद्राचं पाणी गोड करण्याच्या कारखान्यात. हे ऐकून मामा इतका हसला की त्याला ठसका लागला.

"समुद्राचं पाणी गोड करतात? म्हणजे त्यांच्याकडे विहिरीच नाहीत?"

"विहिरी आहेत बाबा, पण तेलाच्या."

"अरेरे," मामा म्हणाला. त्याला मनापासून त्या लोकांची दया आली होती. कॉन्रॅडच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "हे बघ, पाच वर्षं कर. मग ये. वाडी तुझी वाट बघत असेल. मी तिला काही होऊ देणार नाही."

एवढं एकच वचन मामाने आयुष्यात कोणाला दिलं असेल. पुढचं सगळं त्या वचनापायी झालं.

कॉन्रॅड पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा मामाच्या ओटीवर जत्रा भरली. कोणी टेपरेकॉर्डरला हात लावून बघत होतं, कोणी साबणाचा वास घेत होतं. कॉन्रॅड सांगत होता: तिथे पाऊस पडत नाही. माती म्हणावी अशी माती नाही. केळी समुद्रापलीकडून बोटीने येतात, कोथिंबीरसुद्धा विमानाने येते. पेट्रोल पाण्याहून स्वस्त. रस्ता झाडणाऱ्याचा पगार आपल्या हेडमास्तरांपेक्षा जास्त, आणि तो रस्ता झाडणारा आपल्यातलाच कोणीतरी असतो.

शाळेत भूगोल शिकवणारे ॲन्सेल्म सर तिथे बसले होते. मामाने त्यांना आमच्या बोलीत विचारलं, "सर, मना एक हांगा. त्यांच्याकडे पाणी नाय, माती नाय, केळं नाय. आमसं सगळं आहे. मग श्रीमंत कोण?"

"पुस्तकाप्रमाणे आपण असायला हवं," सर म्हणाले.

"आणि खरं?"

"खरं म्हणजे तुमचा मुलगा तिकडे आहे, त्यांचा इकडे नाही."

सगळे हसले. मामाही हसला.

मी वसईच्या कोर्टात टायपिस्ट आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या जमिनींचे वाद टाइप करते, त्यामुळे असेल, पण मला सरांच्या त्या वाक्यात अजून एक गोष्ट दिसते. त्या देशाला पाण्याची किंमत माहीत होती, कारण ते त्याच्याकडे नव्हतं. थेंब न थेंब तेल जाळून बनवायचा आणि जपायचा. आम्हाला पाणी फुकट होतं. फुकटची वस्तू आम्ही कशी वापरतो ते मला कोणी सांगायला नको. आणि आमच्याकडून त्यांना काय हवं होतं, तर फक्त माणसं. ती आम्ही आनंदाने दिली, वर पेढे वाटले.

कुवेतहून पैसे यायला लागले. कॉन्रॅड कुठे उधळत नव्हता. त्याचं एकच म्हणणं: वाडी सुधारा, मी येणार आहे. म्हणून रहाट गेला आणि विहिरीवर विजेचा पंप आला. बैल विकला तेव्हा मामी आत जाऊन रडली, पण बटण दाबल्यावर धो धो पाणी आलं तेव्हा तीही बघत राहिली. पंपाला दमणं माहीत नव्हतं. मग पंप आल्यावर बावखलाचं काय काम? तिथे डास होतात, म्हशी बसतात. शेजाऱ्यांनी आपली बुजवली होतीच. मामाने ट्रक लावून मुरूम टाकला आणि त्या जागेवर दुमजली बंगला उठवला. खाली मोझॅक, वर गॅलरी, दारावर रंगीत काचा. लोक त्याला कुवेतचा बंगला म्हणायचे. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या जमिनीतून ओल वर आली. तळ्याला आपली जागा आठवत होती. मामाने फरशीवर गोणपाटं टाकली.

तेवढ्यात पलीकडच्या जयरामने आपल्या विहिरीचं पाणी टँकरला द्यायला सुरुवात केली. विरारला मनवेलपाड्याच्या बाजूला चाळीवर चाळी उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या नळांना पाणी नव्हतं. टँकर आमच्या अरुंद गल्लीतून कुंपणं मोडत जायचे.

मामा संतापला. "पाणी विकतो! पाणी! उद्या पोरं विकायला काढशील!"

उत्तर दिलं ते उर्सुलामामीने, तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता. "आणि आपण काय केलं हो?"

त्या दिवशी मामा जेवला नाही.

सगळ्यात आधी पानवेली गेल्या. मग राजेळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, विस्तवाशी धरल्यासारख्या. घड लहान येऊ लागले. सुकेळी चिवट व्हायची, वाटण्यासारखी राहिली नाहीत. मामाने खतं बदलली, औषधं मारली, फादरना बोलावून वाडीवर तीर्थ शिंपडून घेतलं. पाणी चाखायचं मात्र त्याने टाळलं. ज्याला जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून पाण्याची चव कळायची, त्याने स्वतःच्या विहिरीचं पाणी तोंडात घ्यायचं सोडलं. पाहुण्यापुढे तांब्या येणं बंद झालं, चहा यायला लागला. चहात खारटपणा लपतो.

कॉन्रॅडला यातलं एक अक्षर कळू दिलं नाही, पानांना रोग पडलाय एवढंच सांगितलं. तो सुट्टीवर यायचा तेव्हा त्याच्या पिण्याचं, आंघोळीचं पाणी माझ्या आईकडून, गावाच्या पार पूर्वेच्या टोकाच्या आमच्या विहिरीतून जायचं. मी स्वतः कळशा वाहिल्यात. "त्याला हांगू नको हं विनी," मामा म्हणायचा. "त्याने यायचं ठरवलंय. पाणी काय, एखादा चांगला पावसाळा झाला की सुधारेल." पाचाची दहा वर्षं झाली होती. पाण्याचं कळलं की कॉन्रॅड परत फिरेल ही एकच भीती मामाच्या पोटात होती, आणि तिच्यापुढे त्याला खरंखोटं काही सुचत नव्हतं.

१९८६ मध्ये कॉन्रॅडने कळवलं की तो नोकरी सोडून येतोय. लग्न करणार आणि वाडी बघणार. मुलगी जवळच्याच गास गावची, डेल्फिन. मामाला आभाळ ठेंगणं झालं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की लग्न म्हणजे पाणी आलं.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुलाला घरच्या पाण्याने आंघोळ घालतात. बायका नटूनथटून, बँड लावून विहिरीवर जातात, गाणी म्हणत घागरी भरून आणतात. दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी त्याला चालत नाही. ते ज्या वाडीत तो नांदणार त्याच वाडीचं हवं. इथे आईच्या विहिरीची कळशी गुपचूप ओतण्याची सोय नव्हती.

मामाने काय करावं? आदल्या संध्याकाळी तो जयरामकडे गेला. ज्याच्याशी बोलणं टाकलं होतं त्याच्याकडे. आणि गोड्या पाण्याचा अख्खा टँकर आणून स्वतःच्या विहिरीत रिकामा केला. उद्या घागरी गोड्या याव्यात म्हणून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे काखेतला कळसा फोडून झाला होता. जयरामने पैसे घेतले नाहीत असं नंतर कळलं. त्याचंही पाणी तोवर बदलायला लागलं होतं, म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. बँड जोरात, पोरी नाचत होत्या. मी घागर भरली तेव्हा हात ओला झाला, तो सवयीने तोंडाला लावला. खारटच. टँकर कुठल्या कुठे जिरला होता. नाही म्हणायला पाणी गढूळ तेवढं झालं होतं. मी मामाकडे बघितलं. तो माझ्याच तोंडाकडे बघत उभा होता, पूर्वी पाहुण्यांकडे बघायचा तसा. मी मान खाली घातली आणि घागर कमरेवर घेतली.

कॉन्रॅडला अंगणात पाटावर बसवलं. नारळाचं दूध लावलं, पाणी ओतलं, मामीने कुवेतचाच साबण चोळायला घेतला. फेस येईना. तिने परत चोळला. साबणाचा चिकट पांढरा साका अंगावर बसला, फेस नाही. गाणी म्हणणाऱ्या बायकांचा सूर एकेक करून गळला. बँडवाल्यांना काही माहीत नव्हतं, ते वाजवतच होते. मागून कोणीतरी हसलं. ते हसणं आजतागायत चालू आहे.

कॉन्रॅडने ओठांवरचं पाणी जिभेने चाटलं. दहा वर्षं तो याच कामावर होता, त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो हळूच म्हणाला, "बाबा, आमच्या कारखान्यात आत जे पाणी येतं ना, ते हे."

मामा रिकामी घागर सरळ करायला वाकला.

"कधीपासून?"

"तू येणार होतास ना," मामा म्हणाला. "तू आलास की काहीतरी करशील असं वाटलं. तुला येतं ना गोड करायला?"

"त्याला विजेचा डोंगर लागतो बाबा. तेल लागतं. ते त्यांच्याकडे आहे." कॉन्रॅडचा आवाज चढला. "आपल्याकडे बावखल होतं!"

आणि मग त्याची नजर खाली गेली. ज्या अंगणात तो बसला होता ते बावखलावरच होतं, आणि त्यावरचा मुरूम त्याच्याच पैशांचा होता.

लग्न झालं. जेवणावळीला प्यायला टँकरचं पाणी होतं. महिन्याभराने कॉन्रॅडची बॅग पुन्हा भरली गेली, आणि आश्चर्य म्हणजे ती मामानेच भरायला लावली. "जा," तो म्हणाला. "इथे राहून पिणार काय? पोराबाळांना काय पाजणार?" त्याला परत आणायला मामाने दहा वर्षं घालवली होती. पुढच्या वर्षी डेल्फिनही गेली.

मला विचाराल तर मामाचा अपराध एवढाच, की पैसा येतो त्या देशाची रीतही बरोबरच येते असं तो समजला. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांच्यासारखं राहायला गेला आणि होतं ते घालवून बसला. पण हे मी कोणाला सांगू? सगळं गाव त्याच शाळेत शिकलं.

१९८८ च्या नाताळात ते तिघे आले. नातू आठ महिन्यांचा होता. डेल्फिनच्या सामानात प्लॅस्टिकचे दोन मोठे कॅन होते, नीट गुंडाळलेले. मामाने विचारलं, यात काय? ती संकोचून म्हणाली, "पाणी आहे बाबा. तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलंय, बाळाला इथलं देऊ नका म्हणून."

मामा थोडा वेळ कॅनकडे बघत बसला. मग म्हणाला, "मना दाखव."

तिने भांड्यात घोटभर ओतलं. पोराने समुद्रातून काढून बनवलेलं, विमानाने भुईगावात आलेलं ते पाणी मामाने तोंडात धरलं, डोळे मिटले आणि सावकाश गिळलं. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"चांगलं आहे रे," तो कॉन्रॅडला म्हणाला. "आपल्या बावखलाचं होतं तसंच."

आणि त्याने भांडं पुन्हा पुढे केलं. डेल्फिनने कॅनकडे बघितलं, मग कॉन्रॅडकडे. महिनाभर पुरवायचं होतं. ती नाही म्हणाली नाही, पण तिचा हात पुढे आला नाही. मामाला कळलं. त्याने भांडं मागे घेऊन पाटावर पालथं ठेवलं.

"राहू दे," तो म्हणाला. "पोराचं आहे ते."

तेवढ्यात गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला. मामा कंबरेला हात लावून उठला आणि पिंप पुढे सरकवायला बाहेर गेला.