सिस्टरबाईंची चिठ्ठी

सिस्टरबाईंचा यंत्रांपेक्षा स्वतःच्या कानावर जास्त विश्वास. सुप्याजवळच्या आमच्या गावात, उपकेंद्रात त्या बाळंतपणं करायच्या. बाळाचे ठोके ऐकायची नळी पोटाला टेकवून, कान लावून डोळे मिटायच्या आणि कुणी बोललंच तर नुसता हात वर करायच्या. सरपंचसुद्धा त्या हाताला वचकून असत.

बाईंच्या खोलीत कुणी आडवं पडून राहायचं नाही. "झोपती काय? बाळाला खाली यायचंय, चाल!" असं म्हणत त्या अंगणात फेऱ्या मारायला लावत. पहिल्या वेळी मी आईचा हात धरून चालले, मध्येच चहा-बिस्किट खाल्लं, बाईंना दोन शिव्याही हासडल्या. "दे अजून, जोर येतोय," म्हणाल्या. थोरला दुपारी झाला आणि संध्याकाळी मी उठून बसून गरम शिरा खात होते.

बाई आंधळं धाडस करणाऱ्या मात्र नव्हत्या. कुणाचं बीपी वाढलं, पाय सुजले की लगेच नगरला रवानगी. "जिचं सरळ हाय तिनं हितं यावं. वाकडं दिसलं की डॉक्टरच पायजे, तितं माझी हुशारी न्हाई." म्हणूनच गाव त्यांच्यावर विसंबून होतं.

दुसऱ्या वेळी माझंही सगळं सरळच होतं. बाईच तसं सांगत होत्या. जाऊबाई म्हणाल्या, शहरात नाव घाल. मी त्यांच्याशी भांडले. कळा सुरू झाल्यावर सकाळी चालतच उपकेंद्रात गेले. बाईंनी माझ्याकडे धड पाहिलंही नाही. उभ्या उभ्या चिठ्ठी लिहिली आणि गाडी बोलावली.

"नगरला जा."

"का हो बाई?"

"जा म्हनलं ना."

नगरच्या अलीकडचं केडगाव येईपर्यंत मी ती चिठ्ठी चार वेळा वाचली. 'बाळाचे ठोके कमी.' हॉस्पिटलात सगळे नीट वागले. पण असं लिहून आल्यावर कोणता डॉक्टर वाट बघेल? आईला दाराबाहेर थांबवलं, मला सलाईन लावलं आणि तासाभरात ऑपरेशन झालं. मुलगी ठणठणीत होती. टाके सांभाळत पडले असताना मला आठवलं, बाईंनी त्या दिवशी नळी पोटाला लावलीच नव्हती.

महिन्याभराने बाई झबलं घेऊन आल्या. मी सरळच विचारलं, "बाई, न ऐकताच ठोके कमी कसे लिहिलेत?"

त्यांनी झबल्याची घडी घातली. "रिटायर व्हायला आठ दिस राहिले हुते गं. आजवर एक बाळ दगावलं न्हाई माझ्या हातनं. शेवटाला काय झालं असतं तर? भ्याले मी."

"मग तसं सांगायचं. मी आपणहून गेले असते."

"लाज वाटली."

त्यांचं भिणं मी केव्हाच माफ केलं. अजूनही कुणाला दिवस गेले की मी बाईंच्याच गोष्टी सांगते, त्याही कौतुकाने. पण ते खोटं माफ होत नाही. गाडीत माझा हात पोटावर होता. लेक सारखी लाथा मारत होती, मी आहे म्हणून सांगत होती. मी तिचं ऐकलं नाही. ती वाचत नाही असं धरून मी नगरपर्यंत रडत गेले.